एका हाताने न वाजणारी टाळी : गाड्यांच्या संभाषणाचा इतिहास

मंडळी, या अंकासाठी संपादकांनी आमच्याकडे "गाड्यांवर काहीतरी" मागितले, तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले. आपल्या मंडळातली निम्मी घरे डेट्रॉईटच्या मोटारधंद्यावर चालतात. त्यांना गाडी समजावून सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन बडव्यांना विठोबा दाखवण्यासारखे. पण संपादकांचे म्हणणे असे की धंद्यातली माणसे आपापल्या एका सुट्या भागाबद्दलच बोलतात, ब्रेकवाले ब्रेकबद्दल आणि सीटवाले सीटबद्दल. अख्खी गोष्ट सांगायला बाहेरचाच माणूस लागतो. तेव्हा ही बाहेरच्या माणसाने सांगितलेली गोष्ट.

हल्ली नव्या गाडीच्या जाहिरातीत 'कनेक्टेड' हा शब्द हमखास असतो. गाडी आपल्या फोनशी बोलते, कंपनीच्या संगणकाशी बोलते, टोलनाक्याशी बोलते. पण शेजारून जाणाऱ्या गाडीशी मात्र ती अजून एक शब्द बोलत नाही. समोरून येणारा दिसत नसताना आपण डावीकडे वळू लागलो, तर दोन्ही गाड्यांनी एकमेकींना "थांब!" म्हणावे, एवढीच साधी अपेक्षा. त्यासाठी अमेरिकेच्या सरकारने १९९९ साली रेडिओ लहरींचा एक पट्टा राखून ठेवला होता, आणि एकवीस वर्षांनी त्यातला मोठा वाटा काढून घेतला. तंत्र जमले नाही म्हणून हे झाले असे नाही. तंत्र जमले होते, आणि तेही आपल्या घरापासून तासाभरावर, अॅन आर्बरला. मग अडले कुठे, हे पाहण्यासाठी थोडे मागून सुरुवात करू.

गाडीला पूर्वीपासून दोन भाषा येत होत्या, आवाजाची आणि दिव्याची. चौकाची दिव्यांची भाषा घडवण्यात डेट्रॉईटचा मोठा हात आहे. विल्यम पॉट्स नावाच्या इथल्या पोलीस अधिकाऱ्याने १९२० साली वुडवर्ड अॅव्हेन्यूवर लाल, पिवळा, हिरवा असा तीन रंगांचा, चारी बाजूंना दिसणारा सिग्नल बसवला. पण तो सिग्नल नुसता बोलणारा होता, गाडीचे ऐकणारा नव्हता. ऐकणारा सिग्नल आला १९२८ साली, बाल्टिमोरमध्ये. चार्ल्स अॅडलर या संशोधकाने आडरस्त्यावरच्या खांबाला चक्क कान लावले. गाडी तिथे उभी करून हॉर्न वाजवला की सिग्नल बदलायचा. गाडीने रस्त्याला काही सांगितले आणि रस्त्याने ते ऐकले, अशी ही फार जुनी नोंद. त्या चौकात राहणाऱ्यांची झोप कशी होत असेल, हा विचार आम्हाला शिवल्यावाचून राहिला नाही. आपल्याकडच्या ट्रकांच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' आठवून पाहा. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली त्यावर बंदी घातली, कारण त्याने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते. पण तीही गाड्यांची आपापसातली बोलीच होती.

पुढे १९३९ च्या ब्यूकमध्ये वळणाची दिशा दाखवणारे, उघडझाप करणारे दिवे कारखान्यातूनच बसवून मिळू लागले. या इंडिकेटरकडे वाचकांनी नीट पाहावे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर तोलायची आहे. ती ब्यूक ज्याने घेतली, त्याचा इंडिकेटर पहिल्या दिवसापासून कामाला आला. मागच्याकडे ब्यूक आहे, फोर्ड आहे की नुसती सायकल, याने फरक पडत नव्हता. मागच्याला डोळे होते, तेवढे पुरे. हॉर्नचेही तसेच. ऐकणारे यंत्र देवाने प्रत्येकाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी आधीच बसवून दिलेले. रेडिओचे तसे नाही.

त्याच १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने 'फ्यूचरामा' नावाचा देखावा मांडला. नॉर्मन बेल गेडिस यांनी तो रचला होता. सरकत्या खुर्च्यांत बसून लोक १९६० सालची अमेरिका वरून पाहत. रुंद महामार्ग, आणि त्यांवर एकमेकींपासून ठरावीक अंतर राखून धावणाऱ्या गाड्या. हे अंतर माणूस नव्हे, रेडिओ राखणार, अशी कल्पना. बाहेर पडताना प्रत्येकाला एक बिल्ला मिळे, 'मी भविष्य पाहिले आहे'. लाखो लोक तो बिल्ला लावून घरी गेले. १९६० साल आले आणि गेले. महामार्ग झाले, रेडिओ फक्त गाणी वाजवत राहिला.

प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. टेलिव्हिजनच्या जनकांपैकी एक, व्लादिमिर झ्वोरिकिन, आरसीए कंपनीत असताना या विषयाच्या मागे लागले होते. १९५७ साली आरसीए आणि नेब्रास्का राज्य यांनी लिंकन शहराबाहेर हमरस्त्याच्या चारशे फुटांच्या तुकड्यात तारांची वेटोळी पुरून प्रयोग केला. वरून गाडी गेली की रस्त्याला कळायचे आणि कडेचे दिवे लागायचे. १९६६ साली जनरल मोटर्सच्या संशोधकांनी 'डेअर' नावाची व्यवस्था दाखवली. तीत रस्त्यात लोहचुंबक पुरायचे, आणि त्यांच्या क्रमावरून गाडीला पुढची पाटी वाचता यायची. नंतर सरकारी रस्ते खात्याने वॉशिंग्टनजवळ आणखी मोठा घाट घातला. चालकाने निघताना कुठे जायचे त्याचा सांकेतिक शब्द चकत्या फिरवून लावायचा. चौकात रस्त्याखालच्या तारेला गाडी तो शब्द सांगायची, आणि चौक उत्तर द्यायचा : डावीकडे वळा, सरळ जा. आज फोनमधली बाई जे सांगते तेच, पण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी, आणि उपग्रहाशिवाय.

हे चालत होते. पण देशातला प्रत्येक चौक खणायचा म्हटल्यावर जो आकडा निघाला असेल, तो आम्हाला बेसमेंटच्या कंत्राटदाराच्या आकड्यावरून कल्पिता येतो. १९७० च्या सुमारास पैसा थांबला आणि काम गुंडाळले गेले. इथे हा खेळ पहिल्यांदा दिसतो. चौक खणल्याशिवाय गाडीत यंत्र कोण घेणार? आणि गाड्यांत यंत्र नसताना चौक कोण खणणार? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही आपली म्हण कोणी या खात्याला ऐकवायला हवी होती.

टोलनाक्यावर मात्र टाळी वाजली. ही कल्पना विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाची. १९५९ साली त्यांनी वॉशिंग्टन शहरासाठी सुचवले की प्रत्येक गाडीत आपली ओळख सांगणारे छोटे यंत्र असावे आणि रस्त्याचे भाडे त्यावरून आकारावे. लोकांनी तेव्हा मनावर घेतले नाही. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांत ते वारले. तोवर १९८९ पासून डॅलसच्या टोलरस्त्यावर गाड्या टॅग दाखवून जाऊ लागल्या होत्या, १९९३ पासून न्यूयॉर्कच्या थ्रूवेवर ई-झेडपास आला होता. टोलनाक्यावर हे का जमले? कारण ऐकणारा एकच होता, आणि त्याला बोलणाऱ्याकडून पैसे हवे होते. पहिला टॅग घेणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी रांग चुकवता आली. दुसऱ्या कोणाकडे टॅग आहे की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. भारताने याला सक्तीची जोड दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाला आणि टॅग नसलेल्याला दुप्पट टोल लावायचे ठरले. मुंबई-पुणे रस्त्यावर खालापूरच्या नाक्यापाशी पूर्वी सुट्या पैशांवरून होणारे संवाद ज्यांना आठवतात, त्यांना आता तिथे काचेवरचे स्टिकर बोलताना पाहून नवल वाटते.

आता गाड्यांनी गाड्यांशी बोलण्याकडे येऊ. १९९१ साली काँग्रेसने कायदा केला, त्यात एक कलम असे की १९९७ पर्यंत आपोआप चालणाऱ्या महामार्गाचा नमुना तयार करून दाखवावा. त्याप्रमाणे ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगोला आय-१५ वर साडेसात मैलांवर प्रयोग झाला. आठ ब्यूक लसेबर गाड्या एकामागोमाग, ताशी पासष्ट मैलांनी, मधे जेमतेम एकवीस फूट. रस्त्यात दर चार फुटांवर लोहचुंबक पुरलेले, आणि पुढची गाडी मागच्यांना रेडिओवरून सतत सांगत होती, आता वेग वाढवते, आता कमी करते. एकवीस फूट म्हणजे लसेबरच्या लांबीपेक्षा थोडेसेच जास्त. या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे पंचाण्णव फूट धावते. माणसाला ब्रेकवर पाय न्यायलाच दीड-एक सेकंद लागतो. रेडिओशिवाय हे शक्यच नव्हते. प्रयोग देखणा झाला, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि लवकरच सरकारने त्याचा पैसा काढून घेतला.

पण एक गोष्ट त्यातून मागे उरली. आपोआप चालणारा रस्ता राहू द्या, निदान गाड्यांनी एकमेकींना आपली जागा सांगावी, एवढे केले तर? ऑक्टोबर १९९९ मध्ये एफसीसीने, म्हणजे लहरींचे वाटप करणाऱ्या आयोगाने, ५.८५० ते ५.९२५ गिगाहर्ट्झ हा पंच्याहत्तर मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी राखला. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यावर बोलायची भाषाही ठरली. प्रत्येक गाडीने सेकंदाला दहा वेळा एक छोटा निरोप हवेत सोडायचा : मी इथे आहे, या दिशेला, या वेगाने चालले आहे, ब्रेक दाबला आहे किंवा नाही. सुमारे तीनशे मीटरच्या टप्प्यातल्या गाड्यांनी तो ऐकायचा आणि टक्कर होईलसे वाटले तर आपल्या चालकाला सावध करायचे. मोबाईलचा टॉवर मधे नाही, इंटरनेट नाही, महिन्याची वर्गणी नाही. निरोपात मालकाचे नाव नाही, नंबरप्लेट नाही. खोटे निरोप सोडणाऱ्या टवाळांना अडवायला प्रत्येक निरोपावर एक दाखला असतो, आणि तो दाखलाही साधारण दर पाच मिनिटांनी बदलतो, म्हणजे कोणी रस्त्याकडेला बसून एकाच गाडीचा माग काढू शकणार नाही. आम्हाला हा भाग फार आवडला. इतक्या विचाराने केलेली गोष्ट विरळा.

कॅमेरे आणि रडार आता बहुतेक नव्या गाड्यांत असतात, मग हे कशाला, असे कोणी विचारील. कॅमेऱ्याला दिसते तेवढेच कळते. पुढच्या ट्रकपलीकडे कोणी करकचून ब्रेक दाबला, ते ट्रक दिसू देत नाही. चौकाच्या कोपऱ्यावर इमारत असेल तर आडवी येणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. रेडिओला कोपऱ्यापलीकडचेही बऱ्याच वेळा ऐकू येते.

आता आमच्या विषयातले दोन शब्द बोलू द्या. रसायनशास्त्रात काही अभिक्रिया अशा असतात की एकेक रेणू आपला आपण बदलतो. रेणू दुप्पट केले तर वेग दुप्पट. याला पहिल्या कोटीची अभिक्रिया म्हणतात. काही अभिक्रियांत दोन रेणूंची गाठ पडावी लागते. ही दुसऱ्या कोटीची. तिथे रेणू दुप्पट केले तर वेग चौपट, पण उलटेही खरे, रेणू दहावा हिस्सा केले तर वेग शंभरावा हिस्सा. इंडिकेटर, सीटबेल्ट, एअरबॅग ही पहिल्या कोटीची यंत्रे. गाड्यांचा रेडिओ दुसऱ्या कोटीचा. शंभरातल्या दहा गाड्यांत तो बसवला, तर दोन गाड्या समोरासमोर आल्यावर दोघींतही तो असण्याची शक्यता शंभरात फक्त एक. तीस गाड्यांत बसवला तर शंभरात नऊ. निम्म्या गाड्यांत बसवला तरी चार भेटींतल्या तीन वाया. अमेरिकेच्या रस्त्यावरची गाडी सरासरी साडेबारा वर्षांच्या आसपास जुनी असते. म्हणजे आजपासून प्रत्येक नवी गाडी बोलकी निघाली, तरी चारांतल्या तीन भेटी कामी यायला दशक उलटून जाईल. तोवर ज्याने पैसे मोजले त्याला काय मिळाले? सध्या मोकळ्या हवेत बडबड. अशी वस्तू दुकानात कोणी विकत घेत नाही, आणि ज्या कंपनीने ती आधी बसवली तिने प्रतिस्पर्ध्याचे भले केले. आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली या गणितात आहे. लहरी, दाखले, तारा हे सगळे त्यानंतर.

अॅन आर्बरला हे गणित ठाऊक होते. म्हणूनच ऑगस्ट २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने सरकारच्या पैशाने प्रयोग सुरू केला, तेव्हा गाड्या देशभर विखरून न देता एकाच गावात गोळा केल्या. सुमारे अठ्ठावीसशे वाहने, त्यांत बहुतेक सामान्य लोकांच्या रोजच्या गाड्या, काही ट्रक, काही बस. काही चौकांतल्या सिग्नलांवर आणि वळणांवरही यंत्रे लावली. लोक कामाला गेले, मुलांना शाळेत सोडून आले, किराणा घेऊन आले, आणि त्यांच्या गाड्या एकमेकींशी बोलत राहिल्या. त्या काळात तिथे राहणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या शेजारून अशा गाड्या गेल्या असतील. पुढे २०१५ मध्ये विद्यापीठाने बत्तीस एकरांवर एमसिटी नावाचे खोटे गाव उभारले. खरे सिग्नल, खोटी दुकाने, अशी ती रचना.

अॅन आर्बरच्या आकड्यांवर विसंबून केंद्रीय रस्तासुरक्षा खात्याने २०१४ साली अंदाज मांडला. डाव्या वळणाला आणि चौकात सावध करणाऱ्या फक्त दोन सोयी सगळ्या गाड्यांत आल्या, तर वर्षाला पाच लाख ब्याण्णव हजारांपर्यंत अपघात टळतील आणि एक हजार त्र्याऐंशीपर्यंत जीव वाचतील. हे वरच्या टोकाचे आकडे आहेत, खालच्या टोकाचे बरेच कमी, हेही सांगायला हवे. इथले डावे वळण म्हणजे आपल्याकडचे उजवे, समोरच्या रहदारीला आडवे जाणारे. नव्याने लायसन्स मिळालेल्या मुलामुलीच्या शेजारी, उगाचच आपलाही पाय दाबत बसलेल्या आईवडिलांना त्याची भीती समजावून सांगायला नको.

डिसेंबर २०१६ मध्ये त्याच खात्याने नियमाचा मसुदा जाहीर केला : काही वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा रेडिओ असलाच पाहिजे. दुसऱ्या कोटीच्या गोष्टीला सक्तीशिवाय उपाय नाही, हे तिथल्या कोणाला तरी नेमके कळले होते. पण महिन्याभरात सरकार बदलले आणि मसुदा कपाटात गेला. २०१७ च्या मार्चमध्ये कॅडिलॅकने आपल्या सीटीएस गाडीत हा रेडिओ स्वखुशीने बसवला. तिच्याशी बोलायला रस्त्यावर दुसरी कोण होती? दुसरी नवी सीटीएसच. २०१९ मध्ये त्या गाडीचे उत्पादनही थांबले. टोयोटाने २०१८ मध्ये जाहीर केले की आम्ही २०२१ पासून बसवू, आणि वर्षभरातच तो बेत थांबवला.

थांबवायला एक कारण नव्हते. एक तर २०१७ च्या सुमारास मोबाईलवाल्यांनी त्याच कामासाठी स्वतःची वेगळी भाषा पुढे आणली. पहिली भाषा वायफायच्या घराण्यातली, ही मोबाईलच्या घराण्यातली. दोन्हीही टॉवरशिवाय गाडीतून गाडीत बोलू शकतात, पण एकीची दुसरीला कळत नाही. आधीच बोलणारे थोडे, त्यात दोन बोली. एकाच गावात दोन मराठी मंडळे निघाली की दोघांच्या गणेशोत्सवाला किती माणसे जमतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुसरे असे की रिकाम्या पट्ट्यावर घरच्या वायफायवाल्यांचा डोळा होता. २०१३ पासून ते म्हणत होते, इतकी वर्षे झाली, वापरतो कोण? बोलणे रास्त होते, आणि तेच त्यातले वाईट.

नोव्हेंबर २०२० मध्ये एफसीसीने पाच विरुद्ध शून्य मतांनी निर्णय दिला. अध्यक्ष होते अजित पै, आडनाव आपल्या कानांना ओळखीचे. पंच्याहत्तरपैकी खालचे पंचेचाळीस मेगाहर्ट्झ वायफायला, वरचे तीस गाड्यांना, आणि तेही मोबाईलच्या घराण्यातल्या भाषेला. अॅन आर्बरमध्ये घासून तपासलेली भाषा मोडीत निघाली. वाहतूकवाले कोर्टात गेले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरले. कपाटातला मसुदाही २०२३ च्या नोव्हेंबरात रीतसर मागे घेतला गेला. आपल्या घरातला नवा वायफाय जर या पट्ट्यावर चालत असेल, तर पोरे जी चित्रफीत पाहतात ती कधीकाळी चौकात "थांब!" म्हणण्यासाठी राखलेल्या जागेतून येते. वायफायने जागा चोरली असे आम्ही म्हणणार नाही. वीस वर्षे कुलूप लावून ठेवलेल्या खोलीत कोणीतरी भाडेकरू येणारच. दोष द्यायचाच तर तो, आधी कोण, आधी कोण करीत उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्यांना द्यावा, कंपन्यांना आणि सरकारला सारखाच.

या सगळ्या काळात गाडीचे दुसरे बोलणे, कंपनीशी होणारे, मात्र फोफावत गेले. जनरल मोटर्सने १९९६ साली ऑनस्टार आणले. एअरबॅग उघडली की गाडी स्वतः फोन करायची. ही पहिल्या कोटीची वस्तू, दुसऱ्या गाडीची वाट न पाहणारी, म्हणून चालली. तिचेही दोष दिसले. फेब्रुवारी २००८ मध्ये जुने अॅनलॉग मोबाईल जाळे बंद करायला परवानगी मिळाली, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांतले ऑनस्टार मुके झाले. २०२२ मध्ये थ्रीजी बंद झाले तेव्हा पुन्हा तेच, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत. जुनी गाडी मुलाला देणाऱ्या घरांनी तिचे मदतीचे बटण अजून जिवंत आहे का, हे एकदा तपासावे. २०१५ साली दोन संशोधकांनी घरी बसून हमरस्त्यावरची जीप इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, आणि कंपनीला चौदा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने जनरल मोटर्स आणि ऑनस्टारवर ठपका ठेवला की चालकांच्या ब्रेकची आणि वेगाची माहिती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय गोळा करून विकली गेली. ती पतमाहिती कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोचत होती. गंमत पाहा, ज्या रेडिओने नाव न सांगता फक्त शेजाऱ्याला सावध केले असते तो बसला नाही, आणि जो नावानिशी सगळे सांगतो तो घरोघरी आहे. करारातली कलमे न वाचता 'मान्य' म्हणण्याची आपली सवय या कामी आली.

इतर देशांत काय झाले? जपानमध्ये १९९६ पासून रस्त्याकडेचे खांब गाडीला पुढच्या कोंडीची बातमी देतात, आणि २०१५ पासून टोयोटाच्या काही गाड्या आपापसात बोलतात. युरोपात २०१९ च्या नव्या गोल्फमध्ये हा रेडिओ आला, आणि ३१ मार्च २०१८ पासून मान्यता मिळणाऱ्या नव्या प्रकारच्या प्रत्येक गाडीला अपघातानंतर आपोआप ११२ ला फोन करणे सक्तीचे झाले. इथेही युटा राज्याने २०१७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत एक छान काम केले. बस उशिरा धावत असेल तर ती सिग्नलला तसे सांगते, आणि सिग्नल हिरवा थोडा लांबवतो. बस सरकारी, सिग्नलही सरकारी. दोन्ही हात एकाच धन्याचे असले की टाळी वाजायला वेळ लागत नाही.

मिशिगनने तर एक उपाय रेडिओशिवायच केला होता, आणि आपण तो रोज वापरतो. टेलिग्राफ रोडवर किंवा वुडवर्डवर चौकात डावीकडे वळू देत नाहीत. सरळ पुढे जायचे, दुभाजकातून उलटे वळायचे, मग उजवीकडे. नव्याने आलेला पाहुणा याला नावे ठेवतो, आम्हीही पहिल्या वर्षी ठेवली. १९६० च्या दशकापासून इथे हे चालू आहे. समोरच्या रहदारीला छेदणारे वळणच चौकातून काढून टाकले, त्यामुळे धडकाही कमी झाल्या. जुनी गाडी असो, नवी असो, सर्वांना सारखेच लागू. मात्र हे रुंद दुभाजक असलेल्या रस्त्यांवरच जमते, आणि आपल्या वसाहतींबाहेरचे बरेचसे चौक तसे नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एफसीसीने उरलेल्या तीस मेगाहर्ट्झचे नवे नियम मंजूर केले आणि जुन्या भाषेच्या यंत्रांना दोन वर्षांची मुदत दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाहतूक खात्याने राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यात २०२८ पर्यंत राष्ट्रीय महामार्ग-जाळ्याच्या वीस टक्के भागावर आणि २०३६ पर्यंत संपूर्ण जाळ्यावर ही यंत्रे बसवण्याचे उद्दिष्ट आहे. गाडीत ती बसवण्याची सक्ती मात्र आराखड्यात नाही. २०२३ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत बालवर्गात आज पाच-सहा वर्षांची जी मुले 'कमळ' आणि 'बदक' गिरवतात, ती २०३६ साली लायसन्स मागायला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या खिडकीपुढे उभी असतील.